पोपडे प्लास्टरचे, फुगवटा बिलाचा
गवंडीकामातील फसगत कशी ओळखावी आणि कशी निस्तरावी?

प्रतिनिधी

'घर पाहावे बांधून' ही म्हण आता बांधून झालेल्या घरालाही तितकीच लागू पडते. पावसाळा सरला, भिंतींतील ओल सुकू लागली की शहरांतील गृहनिर्माण संस्थांमध्ये दुरुस्तीची कामे निघतात. दिवाळीपूर्वी घर नवे दिसावे, ही प्रत्येकाची इच्छा असते. शेजाऱ्याने कुणा मिस्त्रीचे नाव सुचवलेले असते. दर तोंडी ठरतो, उचल दिली जाते आणि पंधरा दिवसांत भिंत गुळगुळीत दिसू लागते. मात्र रंगाचा हात सुकतो न सुकतो तोच भिंतीवर जाळीदार भेगा उमटतात, टिचकी मारली की बद्द आवाज येतो आणि हातात ठरलेल्या रकमेच्या दीडपट बिल पडते. कारण विचारले की ठरलेले उत्तर मिळते, 'साहेब, भिंतच वाकडी होती, माल जास्त लागला.'

अशा प्रसंगी ग्राहकाची मोठी कोंडी होते. रक्कम वकिलाकडे जाण्याइतकी मोठी वाटत नाही आणि निवृत्तिवेतनावर किंवा पगारावर घर चालवणाऱ्याला सोडून देण्याइतकी लहानही नसते. दुसरीकडे, समोरचा कारागीरही बहुधा हातावर पोट असलेला माणूस असतो आणि प्रत्येक भेगेला तोच जबाबदार असतो असे नाही. म्हणूनच काम कसे ठरवावे, दोष कसा ओळखावा आणि वाद झाल्यास कोणता मार्ग धरावा, याची माहिती प्रत्येक घरमालकाला असणे आवश्यक आहे.

काम ठरवताना काय ठरवायचे?

'सगळ्या खोलीला प्लास्टर करून द्या' एवढ्या वाक्यावर ठरलेले काम हे भांडणाचे आमंत्रण समजावे. प्लास्टरच्या कामात किमान चार गोष्टी आधी निश्चित व्हायला हव्यात. त्या म्हणजे जाडी, मालाचे प्रमाण, पृष्ठभागाचा प्रकार आणि पाणी मारण्याची जबाबदारी.

विटांच्या भिंतीला आतून साधारणपणे १२ मिलिमीटर जाडीचे प्लास्टर केले जाते. विटेची खडबडीत बाजू असेल तर ही जाडी १५ मिलिमीटर धरतात. काँक्रीटच्या छताला ६ मिलिमीटर पुरते, तर पावसाचा मारा सोसणाऱ्या बाहेरील भिंतीला २० मिलिमीटरचे प्लास्टर दोन थरांत करावे लागते. आतील भिंतींसाठी सिमेंट व वाळूचे प्रमाण १:४ ते १:६, छतासाठी १:३ किंवा १:४ आणि बाहेरून १:४ असे ठेवण्याची पद्धत आहे. हलक्या सिमेंट ब्लॉकच्या भिंतीला फार कडक माल चालत नाही. तेथे १:६ सारखे सौम्य प्रमाणच योग्य ठरते. सिमेंट जितके जास्त तितके प्लास्टर चांगले, हा समज चुकीचा आहे. गरजेपेक्षा जास्त सिमेंट घातलेला थर सुकताना अधिक आकसतो आणि भेगाळतो.

पृष्ठभाग नीरूचा हवा, सँडफेस हवा की आत जिप्समचा गिलावा करायचा, हेही लिहून ठेवावे. जिप्समला पाणी मारावे लागत नाही आणि काम लवकर उरकते. मात्र स्नानगृह, बाहेरील भिंत आणि ओल येणाऱ्या जागा यांसाठी ते अजिबात वापरू नये.

चौरस फूट, ब्रास आणि 'ओपनिंग'

आपल्याकडे प्लास्टरचा दर चौरस फुटावर किंवा ब्रासवर सांगितला जातो. क्षेत्रफळाच्या कामात एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. वाळूच्या खरेदीत मात्र एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. या दोन ब्रासमध्ये गल्लत होऊ देऊ नये.

दर दोन प्रकारचे असतात. केवळ मजुरीचा दर आणि मालासह दर. मजुरीच्या दरात सिमेंट, वाळू, जाळी तुमची असते, तर मालासह दरात ती ठेकेदाराची असते. परांची बांधणे, जुने प्लास्टर तोडणे, डेब्रिज खाली नेऊन विल्हेवाट लावणे, काँक्रीटला टाचे मारणे आणि वाळू चाळणे ही कामे दरात धरली आहेत की नाहीत, हे विचारलेच पाहिजे. बिलातील बहुतेक फुगवटा याच 'वरच्या' कामांत दडलेला असतो.

वादाचा दुसरा मुद्दा म्हणजे दारे-खिडक्यांची मोकळी जागा. बांधकामाच्या मोजमापाविषयीच्या भारतीय मानक १२०० च्या बाराव्या भागात याचे नियम आहेत. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे साधारण साडेपाच चौरस फुटांची मोकळी जागा वजा केली जात नाही. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या मोकळ्या जागेबाबत, भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखेच प्लास्टर असेल तर एकाच बाजूची वजावट होते. मात्र चौकटीभोवतीच्या कडांचे मोजमाप वेगळे धरले जात नाही. तीन चौरस मीटरहून मोठ्या जागेची वजावट दोन्ही बाजूंना होते आणि कडांचे क्षेत्रफळ वेगळे मोजले जाते. खासगी कामात हा नियम आपोआप लागू होत नाही. तो करारात मान्य करावा लागतो. पण ओपनिंग कापायचे नाही आणि कडांचे पैसे धावत्या फुटाने वेगळे लावायचे, असे दोन्हीकडून मोजमाप होत असेल तर ग्राहकाने हरकत घ्यायला हवी.

एक उदाहरण पाहू. १० फूट बाय १२ फूट आकाराची, १० फूट उंचीची खोली घ्या. चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट आणि छताचे १२०, म्हणजे एकूण ५६० चौरस फूट. तीन बाय सात फुटांचे दार २१ चौरस फूट, चार बाय चार फुटांची खिडकी १६ चौरस फूट. ही पूर्ण वजा केली तर काम ५२३ चौरस फूट भरते. एका खोलीत फरक ३७ चौरस फुटांचा दिसतो, पण अशा चार खोल्यांत तो जवळपास दीड ब्रासवर जातो. म्हणून मोजमाप दोघांनी मिळून, टेप धरून करावे आणि कागदावर दोघांनी सही करावी.

सिमेंटचा हिशेब

'माल जास्त लागला' हे उत्तर खरे की खोटे, हे गणिताने पडताळता येते. सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीचे आकारमान साधारण ३५ लिटर असते. १२ मिलिमीटर जाडी, १:४ प्रमाण, सांध्यांत जाणारा माल आणि कोरड्या मालाची ओला झाल्यावर होणारी घट धरली, तर एक ब्रास भिंतीला साधारण एक गोणी सिमेंट लागते. हेच प्रमाण १:६ केले तर पाऊण गोणीहून थोडे कमी पुरते. ६ मिलिमीटरच्या छताला १:३ प्रमाणाने ब्रासमागे अर्ध्या गोणीहून थोडे जास्त लागते.

वरील खोलीत वजावटीनंतर भिंतींचे क्षेत्र ४०३ चौरस फूट आहे. म्हणजे भिंतींना चार गोण्या व छताला पाऊण गोणी, असे मिळून पाच गोण्यांच्या आत काम व्हायला हवे. मालासह दर १:४ चा लावून भिंतींचे काम तीन गोण्यांत उरकले असेल, तर भिंतीवर १:६ चा माल गेला आहे, हे उघड आहे. उलट, मजुरीच्या कामात आठ-नऊ गोण्या मागवल्या गेल्या असतील तर जाडी वाढली, नासाडी झाली की गोण्या अन्यत्र गेल्या, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. भिंत खरोखरच ओळंब्यात नसेल तर जाडी वाढते, हेही खरे. पण ते काम सुरू करण्यापूर्वी ओळंबा लावून दाखवता येते. काम संपल्यावर सांगितलेली वाकडी भिंत मान्य करण्याचे बंधन ग्राहकावर नाही.

काम चालू असताना

दिवसभर कारागिराच्या डोक्यावर उभे राहण्याची गरज नाही, मात्र काही मोक्याच्या वेळी लक्ष हवे. वाळू घमेल्याने अंदाजे न टाकता मापाच्या पेटीने घ्यायला सांगावे. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची पेटी बरोबर एका गोणीइतकी भरते. वाळूत माती किती आहे हे पाहण्यासाठी काचेच्या उभ्या बरणीत वाळू व पाणी घालून हलवावे आणि काही तास ठेवावे. वर बसणारा गाळाचा थर जाड दिसला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नये.

प्लास्टरपूर्वी भिंत झाडून, धुऊन ओली केली आहे ना, काँक्रीटचे खांब व तुळया टाचे मारून खडबडीत केल्या आहेत ना आणि वीट व काँक्रीट जेथे मिळते त्या सांध्यावर जाळी ठोकली आहे ना, ही तीन उत्तरे 'होय' असली तर निम्मी लढाई जिंकली. पाणी घातलेला माल साधारण अर्ध्या तासात संपवावा. जेवणाच्या सुट्टीनंतर घट्ट झालेल्या मालात पुन्हा पाणी ओतून तो वापरला जात असेल तर तेथेच थांबवावे. विद्युत जोडणीच्या नळ्या आणि नळकाम प्लास्टरच्या आधी पूर्ण करून घ्यावे. ताज्या प्लास्टरवर छिन्नी चालली की दोष कुणाचा, हे ठरवणे अशक्य होते.

सिमेंटच्या प्लास्टरला किमान सात दिवस पाणी मारावे लागते. हे काम मिस्त्रीचे की घरमालकाचे, हे न ठरल्यामुळेच कित्येक भिंती वाया जातात. ठरवा, लिहा आणि तारखा टिपून ठेवा.

भेग काय सांगते?

काम निकृष्ट आहे असे नुसते म्हणून भागत नाही. दोष नेमका कोणता, हे सांगता यायला हवे. नाण्याने भिंतीवर हलकेच टकटक करत जावे. जेथे बद्द, पोकळ आवाज येतो तेथे प्लास्टर भिंतीला धरलेले नाही. भिंत ओली न करणे, टाचे न मारणे किंवा एकाच हातात जाड थर चढवणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. खिळ्याने ओरखडा काढल्यावर वाळू भुरुभुरु गळत असेल तर सिमेंट कमी, वाळू मातकट, माल शिळा किंवा पाणी अपुरे, यांपैकी काहीतरी घडले आहे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा बहुधा आकसण्यामुळे पडतात. खांबालगत सरळ उभी किंवा तुळईखाली सरळ आडवी भेग ही जाळी न ठोकल्याची खूण असते. रात्री भिंतीला चिकटवून विजेरी धरली की उंचसखलपणा स्पष्ट दिसतो. भिंतीची सरळता लांब पट्टीने, उभेपणा ओळंब्याने आणि कोपरा गुण्याने तपासावा.

मात्र प्रत्येक दोष गवंड्याच्या माथी मारता येत नाही. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, रुंदावत जाणारी भेग इमारतीच्या हालचालीची असू शकते. छताचे पोपडे पडून आत गंजलेली सळई दिसत असेल, तर तो प्रश्न प्लास्टरचा नसून काँक्रीटचा आहे. समुद्रालगतच्या शहरांतील जुन्या इमारतींत हे वारंवार आढळते. तेथे संरचना अभियंत्याचा सल्ला घेतल्याशिवाय नवा गिलावा चढवणे धोक्याचे आहे. भिंतीवर पांढरा लोणा धरत असेल तर ओल कोठून येते, हे आधी शोधावे. वरच्या मजल्यावरील स्नानगृह गळत असताना खालचे प्लास्टर कितीही उत्तम केले तरी टिकणार नाही.

बिघडले तर काय करावे?

पहिली गोष्ट, त्यावर पुट्टी फासू देऊ नये. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा न्याय भिंतीला लागू नाही. पुट्टी व रंग चढला की पुरावाही झाकला जातो आणि दोषही. खरी दुरुस्ती म्हणजे पोकळ भाग चौकोनी कापून मूळ भिंतीपर्यंत काढणे, जागा धुऊन ओली करणे, सिमेंटचा पातळ हात देऊन नव्याने प्लास्टर करणे आणि पुन्हा पाणी मारणे.

दोष दिसताच तारखेसह छायाचित्रे काढावीत, शेजारी टेप धरून भेगेची लांबी दाखवावी, पोकळ भागांवर खडूने खुणा कराव्यात. नंतर मिस्त्रीला किंवा ठेकेदाराला बोलावून शांतपणे भिंत दाखवावी. अनेक कारागीर समोर खूण दिसली की चूक मान्य करतात. 'मिस्त्री, एवढा भाग काढून द्या, मग उरलेले पैसे घेऊन जा' या वाक्याने जे साधते ते आरडाओरड्याने साधत नाही. दुरुस्तीची यादी आणि मुदत भ्रमणध्वनीवरील संदेशाने का होईना, लेखी पाठवावी. दुरुस्तीची संधी दिली होती, हे पुढे तुमच्याच बाजूने उभे राहते.

संधी देऊनही काम झाले नाही, तर एखाद्या स्थापत्य अभियंत्याकडून पाहणीचा लेखी अहवाल आणि दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज घ्यावा. बिलाचा वाद असेल तर संयुक्त मोजमाप मागावे आणि मान्य असलेली रक्कम वेळेवर द्यावी. केवळ वादातील रक्कम रोखावी. सगळेच पैसे अडवून धरले तर न्याय्य तक्रारही दुबळी होते. कारागिराची हत्यारे अडकवून ठेवणे किंवा धमकावणे तर कटाक्षाने टाळावे. ते म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

कायदा काय म्हणतो?

तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध करणे कठीण जाते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार करारभंगामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते. ग्राहकाला अधिक सोयीचा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आहे. १९८६ च्या कायद्याची जागा घेणारा हा कायदा जुलै २०२० मध्ये अमलात आला. मोबदला घेऊन दिलेल्या सेवेतील त्रुटीविरुद्ध त्याखाली दाद मागता येते. गृहबांधणी ही सेवा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले होते.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. 'वैयक्तिक सेवेचा करार' या कायद्यातून वगळलेला आहे. ठरावीक काम, ठरावीक दराने, स्वतःच्या कौशल्यावर करून देणारा ठेकेदार सेवा पुरवठादार ठरतो. नाक्यावरून रोजंदारीवर आणलेला, तुमच्या सांगण्यानुसार राबणारा गवंडी मात्र या व्याख्येत बसेलच असे नाही. म्हणून रोजंदारीचे काम लहान दुरुस्तीपुरतेच ठेवावे.

दिलेला मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे दाद मागता येते. वकील नेमणे सक्तीचे नाही. मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हायला हवी. २०२५ च्या जानेवारीपासून सुरू झालेल्या 'ई-जागृती' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक सल्ला मिळतो. त्याआधी मागणी, रक्कम आणि मुदत नमूद करून पोचपावतीसह स्पीड पोस्टाने नोटीस पाठवावी. पुष्कळ वाद या पत्रावरच मिटतात. आयोगासमोरही दोन्ही बाजूंच्या संमतीने मध्यस्थीचा मार्ग खुला असतो. कायद्यात निकालासाठी तीन महिन्यांची आणि तपासणी लागणार असल्यास पाच महिन्यांची मुदत सांगितलेली असली, तरी प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो, हे धरून चालावे.

नव्या इमारतीतील घराचे प्लास्टर निखळत असेल तर प्रश्न वेगळा आहे. स्थावर संपदा कायदा, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत कारागिरीतील दोष निदर्शनास आणला, तर तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करणे विकासकाला बंधनकारक आहे. अशा वेळी स्वतःच्या खर्चाने मिस्त्री बोलावण्याआधी विकासकाला लेखी कळवावे. दाद न मिळाल्यास 'महारेरा'कडे तक्रार करता येते. तसेच इमारतीच्या बाहेरील भिंतीला हात लावण्यापूर्वी गृहनिर्माण संस्थेशी पत्रव्यवहार करणे आवश्यक आहे.

उचल किती, शिल्लक किती?

या साऱ्या खटाटोपापेक्षा पैसे देण्याची शिस्त अधिक उपयोगी पडते. सुरुवातीला कामाच्या दहा टक्क्यांच्या आसपास उचल, पुढे प्रत्येक खोली पूर्ण झाल्यावर हप्ता आणि शेवटचे पाच-दहा टक्के पाणी मारण्याचा काळ संपून भिंत सुकल्यावर, अशी विभागणी दोघांनाही परवडते. बाहेरील कामात एक पावसाळा जाईपर्यंत थोडी रक्कम राखून ठेवण्याची अट घालता येते, पण ती आधी मान्य झालेली असावी. पैसे शक्यतो बँकेमार्फत द्यावेत, रोख दिल्यास पावती घ्यावी. बिलात वस्तू व सेवा कर लावला असेल तर नोंदणी क्रमांक पाहावा. वर्षाला वीस लाखांपेक्षा कमी सेवा पुरवणाऱ्या लहान ठेकेदाराला ही नोंदणी सहसा बंधनकारक नसते. क्रमांकाशिवाय कर आकारला असेल तर तो देऊ नये.

शेवटी एक गोष्ट विसरता कामा नये. तीन दरपत्रके मागवून त्यातील सर्वांत कमी दर आणखी घासून घेणारा ग्राहक बहुतेक वेळा स्वतःच सिमेंट कमी करायला लावतो. ठेकेदार आपला नफा सोडत नाही. तो मालात आणि मजुराच्या रोजात कपात करतो. योग्य दर, लेखी अटी आणि वेळेवर पैसे मिळाले तर चांगला गवंडी आपल्या थापीचे नाव राखतो. असा गवंडी सापडला तर त्याचा पत्ता जपून ठेवावा आणि शेजाऱ्यालाही द्यावा.

हे लक्षात ठेवा

- जाडी, प्रमाण, दर, ओपनिंगची वजावट आणि डेब्रिजचा खर्च कामापूर्वी कागदावर उतरवा.
- १२ मिलिमीटर जाडी व १:४ प्रमाणाला ब्रासमागे साधारण एक गोणी सिमेंट, हा ठोकताळा ध्यानात ठेवा.
- नाणे वाजवून पाहिल्याशिवाय पुट्टी लावू देऊ नका.
- किमान सात दिवस पाणी मारा आणि तारखा लिहून ठेवा.
- दुरुस्तीची संधी लेखी द्या, मान्य रक्कम द्या, केवळ वादातील रक्कम रोखा.
- ग्राहक आयोगाकडे जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे.